तान्ह्या लेकीला घेऊन उपासनेला

आमच्या चर्चमध्ये रविवारची उपासना साडेनऊला सुरू होते आणि पाळकसाहेबांचा उपदेश कुठवर जातो त्यावर साडेअकरा-बाराच्या सुमारास सुटते. तान्हं मूल चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पितं. त्यात बडोद्यातल्या आमच्या करेलीबागेतून आवरून निघायचं, रिक्षा मिळवायची, पोचल्यावर चार जणींकडून बाळाचे गाल ओढून घ्यायचे, आणि सुटल्यावर परत तेवढंच सगळं. पहिले काही महिने अशी उपासनाच नसते जिच्यात बाळाला मध्येच भूक लागत नाही. बाळाला घेऊन चर्चला ये, असं सगळेच म्हणतात. ते तिथे येऊन भुकेलं होईल, हे मात्र कुणी धरलेलं नसतं.

माझं माहेर नगरचं, सासर बडोद्याचं. सासरचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि चर्चमध्येही गुजरातीच. उपासनेला इथे भजनसेवा म्हणतात. मराठी कुटुंबं थोडी आहेत, ती नाताळात एकमेकांच्या घरी मराठी गीतं गातात आणि बाकी वर्षभर गुजराती गीतपुस्तकातून सूर लावतात. चर्चचं नाव मी लिहीत नाही. इथे जे घडलं ते कुठल्याही चर्चमध्ये घडू शकलं असतं, आणि माणसं माझीच आहेत.

पहिलं बाळंतपण म्हणून मी नगरला गेले. लेक 2025 च्या जानेवारीत झाली. चीक येऊन गेला, दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली, आणि तरी लेक उपाशी. तिला नुसतं बोंडाशी लावलं की ती ओढायची, मी कळवळायचे, आणि मग दोघीही रडायचो. रात्रपाळीच्या सिस्टरने येऊन माझ्या कोपराखाली उशी सारली, लेकीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं आणि तिने जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं. मग बोंडाभोवतीच्या काळ्या भागासकट तिच्या तोंडात दिलं. "खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. बघत जा." हे बघणं महत्त्वाचं. पहिल्या दोन महिन्यांत ओढणीखाली चाचपडत हे जमत नाही, आणि चुकीचं लागलं तर बोंडाला चिरा पडतात. ज्यांनी कधी पाजलेलं नाही त्यांना "झाकून पाज ना, त्यात काय" एवढं सोपं वाटतं. ज्यांनी पाजलंय त्यातल्याही कित्येकींना तीस वर्षांनी तसंच वाटायला लागतं, हे मला पुढे कळलं.

सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, हे आमच्या ख्रिस्ती घरातही पाळतात. आजीकडे त्याला शास्त्राधार तयार असतो. लेवीयच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाला तर शुद्धीचे चाळीस दिवस सांगितलेत, आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरिया ते दिवस भरल्यावरच येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जाते. इंग्रजांच्या चर्चमध्येही बाळंतीण पहिल्यांदा आली की तिच्या आभारस्तुतीची वेगळी प्रार्थना असायची, तेव्हा हे काही फक्त आपल्याकडचं खूळ नाही. पण त्याच अध्यायात मुलगी झाली तर दिवस दुप्पट, म्हणजे ऐंशी. "मग मी ऐंशी दिवस थांबू का?" असं आजीला विचारलं. "मला शास्त्र शिकवू नको," म्हणून तिने अळिवाची खीर पुढे केली.

सव्वा महिना झाल्यावर आभाराचं दान द्यायला आम्ही आजोळच्या गावी गेलो. छोटं चर्च, चपला बाहेर, आत सतरंज्या. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. मी साडी नेसले होते, कारण आजीसमोर दुसरं काही चाललंच नसतं. लेक उपदेशात रडायला लागली. मी भिंतीकडे सरकले, पदर पुढे घेतला, तिला लावलं. माझ्या शेजारची बाई तिच्या वर्षाच्या पोराला पाजतच गीत म्हणत होती, आणि सूर तिचा माझ्यापेक्षा चांगला होता. पलीकडे अजून एकीचं चाललं होतं. उपदेशकांनी पोरांच्या आवाजावर आपला आवाज चढवला एवढंच. कुणी वळून पाहिलं नाही. आपण काही वेगळं करतोय असं मला वाटलंही नाही, म्हणून तो दिवस तेव्हा लक्षातही राहिला नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला मी बडोद्याला आले.

सासूबाईंना मी मम्मी म्हणते. त्या प्रेमळ आहेत, हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे येणार आहे त्यावरून तसं वाटायचं नाही. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, निघताना त्यांनी पिशवीत बाटली आणि पावडरीचा डबा ठेवला. "तिकडे उगाच पंचाईत नको." मी डबा फिरवून त्यांना दाखवला. आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. 1992 च्या कायद्याने ते छापावंच लागतं, शिवाय या डब्यांची जाहिरात करायलाही बंदी आहे. मम्मींनी चष्मा लावून वाचलं, "विकणाराच सांगतोय घेऊ नका म्हणून," असं म्हणाल्या आणि डबा तरीही पिशवीत ठेवला.

त्या दिवशी दुसऱ्या गीतालाच लेकीने तोंड शोधायला सुरुवात केली. मूठ चोखणं, मान इकडून तिकडे, खांद्यावर नाक घासणं. रडण्याच्या आधीची ही पाच मिनिटं हातात असतात. ती ओळखायला शिकलं तर अर्ध्या उपासना वाचतात. दाराशी उभ्या असणाऱ्या बेनला माझी चुळबुळ दिसली. तिने लगेच येऊन हळूच सांगितलं, "बेन, अंदर रूम छे. शांतिथी बेसो ने." हात धरून घेऊनही गेली. स्टेजच्या मागची खोली. एक प्लॅस्टिकची खुर्ची, कीबोर्डचं कव्हर, पाण्याचे जार, नाताळचा मोठा कागदी तारा अर्धा मिटलेला, आणि एका कोपऱ्यात झावळ्यांच्या उरलेल्या काड्या. पंखा होता, पण बटणाजवळ पोचायला सतरा खुर्च्यांची रास हलवावी लागली असती. मी पाजलं. भिंतीपलीकडून गीताचा फक्त तबला ऐकू येत होता. शब्द नाहीत. मग पाळकसाहेबांचा आवाज, चढताना आणि उतरताना, त्यातही शब्द नाहीत. लेकीचं पिणं, ढेकर काढणं, तिने थोडं उलटणं, दुपट्याने पुसणं, परत दुसऱ्या बाजूला लावणं. बाहेर आले तेव्हा आशीर्वाद चालू होता.

त्या बेनने मनापासून विचारलं, "फावी गयुं ने?" जमलं ना? मी हो म्हटलं. जमलं होतंच. फक्त उपासना झाली नव्हती.

इथे मला जे म्हणायचंय ते सरळ म्हणते. स्टेशनवर, ऑफिसात, मॉलमध्ये पाजायला वेगळी खोली असणं चांगलंच आहे. सार्वजनिक इमारतींत अशी सोय करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या फेब्रुवारीतच राज्यांना बजावलंय, आणि ते योग्य आहे. ऑफिसात बाई खोलीत जाते, पाजते, परत येऊन काम करते. गाडी अर्धा तास उशिरा सुटणार असेल तर तिचं काहीच बिघडत नाही. उपासनेत मात्र खोलीत गेलेली बाई ज्यासाठी आली होती तेच सोडून गेलेली असते. मला कुणी "इथे पाजू नको" असं एकदाही म्हटलं नाही. सगळ्यांनी माझी सोय केली, आणि त्या सोयीने मी बाहेर गेले. हाकलून दिलं असतं तर भांडता आलं असतं. प्रेमाने खुर्ची दिल्यावर काय भांडणार?

मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. 18 एप्रिल, बडोद्याचा उन्हाळा, दुपारी बारा ते तीन. सात वचनांची उपासना म्हणजे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांचे सात उपदेश, मध्ये गीतं. वर्षातली सगळ्यात भरलेली उपासना हीच. जे नाताळाला येत नाहीत तेही या दिवशी येतात. मागच्या खोलीतल्या खुर्च्या काढून अंगणात मांडव घालून ठेवलेल्या, खोलीत गायकांच्या पिशव्या आणि दोन झोपलेली पोरं. मी निघण्याआधी घरी पाजून घेतलं होतं. पहिल्या चार वचनांपर्यंत लेक झोपली. पाचवं वचन सुरू झालं: "मला तहान लागली आहे." योहानाचा एकोणिसावा अध्याय. उपदेशक निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत. "मने तरस लागी छे!" त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं आणि लेक जागी झाली.

माझ्या पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं. पण उठून जायला जागा नव्हती. बाकावर आम्ही सहा जणी, वाटेत चटयांवर बसलेली माणसं, दाराशी उभी असलेली. त्यात लेकीचं रडणं ऐकून पान्हा फुटला आणि कुर्तीवर डाग पसरायला लागला. मी पाजायची कुर्ती घातली होती, दोन्ही बाजूंना शिवणीत चेन असलेली. चेन उघडली, ओढणी घेतली, लेकीला लावलं. ती ओढणी तिने लगेच पायाने लाथाडली. चाळिशीच्या आसपास तापमान, डोक्यावर पंखा गरम हवा ढवळतोय, आणि आपण कापडाखाली जेवायचं? मोठं माणूसही वैतागेल. तिच्या केसांतून घाम माझ्या दंडावर उतरत होता. मी ओढणी नुसती खांद्यावरून तिच्या गालापर्यंत आणली आणि बाकीचं सोडून दिलं. दिसत काय होतं? तिच्या डोक्याची मागची बाजू.

शेजारी आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्स बसल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी माझ्याकडे न बघता लेकीच्या हनुवटीखाली बोट घालून तिला जरा आत ढकललं आणि परत उपदेश ऐकायला लागल्या. दानाच्या वेळी थैली फिरवणारे काका आमच्या बाकाशी आले. मला टाळण्यासाठी ते छताकडे बघत राहिले आणि थैलीची लांब काठी थेट पलीकडच्या काकूंच्या चष्म्यावर गेली. चष्मा पडला, काकू खाली वाकल्या, थैलीतली नाणी सांडली. लेक पीतच होती. सहावं वचन "पूर्ण झाले आहे" सुरू व्हायच्या आत ती झोपलीही.

मला त्या दिवशी चौथ्या वचनाचं जास्त नवल वाटलं होतं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं चरण. ते स्तोत्र पुढे वाचत गेलं की नवव्या चरणात आईच्या अंगावर पिणाऱ्या बाळाचा उल्लेख येतो, त्या वयापासून देवावर भरवसा होता म्हणून. आणि उपासनेच्या सुरुवातीला लूकचा तेविसावा अध्याय वाचला गेला होता, त्यात येशू यरुशलेमच्या बायकांना सांगतो की ज्यांनी कधी पाजलं नाही ती स्तनं धन्य, असं लोक म्हणतील असे दिवस येताहेत. हे सगळं व्यासपीठावरून माइकवर वाचलं गेलं, आणि सगळ्यांनी गंभीर होऊन ऐकलं.

मला कुणीच काही बोललं नाही. ते मम्मींना बोलले. आपल्याकडे सुनेची तक्रार सुनेकडे करायची पद्धत नाही. शनिवारी दिवसभर फोन. "तरुण पोरं बसलेली असतात." "मुलांचं लक्ष विचलित होतं." "आमच्या वेळी आम्ही पण मुलं वाढवली." आणि एक असं, जे ऐकून मीही गप्प झाले: "कॅनडातून भाऊ लाइव्ह बघत होता." कोविडपासून आमच्या उपासना यूट्यूबवर जातात. इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी अमेरिका-कॅनडात आहे. कॅमेरा गायकांवरून फिरत मंडळीवर येतो. त्यात मी आले होते की नाही कोण जाणे, पण येऊ शकले असते. पदर आणि सतरंजी होती तेव्हा हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

मम्मी संध्याकाळी म्हणाल्या, "ईस्टरला खोलीतच बस, माझ्यासाठी." त्यांच्यासाठी बसले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. भाकर आणि प्याला माझ्या बाकापर्यंत येऊन पुढे गेला, मी कागदी ताऱ्याशेजारी. उपासना सुटल्यावर सगळी मंडळी शेव-उसळ खायला गेली. मम्मींनी मला तिखट खाऊ दिलं नाही, बाळाच्या पोटात दुखेल म्हणून. माझा राग प्रभुभोजनाचा होता, पण मी तो शेव-उसळीवर काढला.

दुसऱ्या दिवशी, 21 तारखेला, पोप फ्रान्सिस वारले. आम्ही प्रोटेस्टंट, पण आमच्या वरच्या मजल्यावर एक गोव्याकडचं कॅथलिक कुटुंब राहतं. तिथली काकू दुपारी खाली आली, रडून डोळे सुजलेले. माझ्या मांडीवर लेक पीत होती. ती म्हणाली, याच माणसाने व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना सांगितलं होतं, बाळं भुकेने रडत असतील तर इथेच पाजा, काही भिऊ नका, मरियेने येशूला पाजलं तसं. 2017 च्या जानेवारीत अठ्ठावीस बाळांचा बाप्तिस्मा होता तेव्हा. त्याआधीही एक-दोन वर्षं त्यांनी असंच सांगितलं होतं. मी हे मम्मींना सांगितलं. मम्मी म्हणाल्या, "ते कॅथलिक." विषय संपला.

(त्या चॅपलबद्दल एक गंमत वाचली होती. तिथल्या भिंतीवरच्या मायकेलअँजेलोच्या चित्रातले नागडे देह पुढे 1565 च्या सुमाराला चर्चनेच दुसऱ्या चित्रकाराकडून कापडं रंगवून झाकून घेतले. त्याच काळापासून येशूला पाजणाऱ्या मरियेची चित्रंही मागे पडत गेली. त्याआधी कितीतरी शतकं ती चर्चमध्येच टांगलेली असत. तेव्हा संकोच हा काही पहिल्यापासूनचा नाही.)

बुधवारी महिला मंडळ असतं. मी मुद्दाम गेले नव्हते, पण सिस्टरनी रिक्षा पाठवली. चहा झाल्यावर त्यांनीच विषय काढला, माझं नाव न घेता, सगळ्यांना माहीत असताना. एका काकूंनी लगेच शास्त्र काढलं: हन्नाचं उदाहरण. पहिल्या शमुवेलाच्या पहिल्याच अध्यायात आहे, शमुवेल अंगावरचं दूध तोडेपर्यंत ती शिलोला देवाच्या घरी गेलीच नाही, घरी राहिली. "ती केवढी भक्तीण, तिलासुद्धा कळत होतं." हे सगळ्यात भक्कम उत्तर होतं. माझ्याकडे त्यावर काही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "पुढची ओळ वाचा." कुणीतरी वाचली. हन्ना नवऱ्याला सांगते मी आत्ता जाणार नाही, आणि एलकाना म्हणतो, तुला बरं वाटेल तसं कर. "तिने ठरवलं. तिला कुणी घरी बसवलं नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "आणि मला सांगा, इथल्या कितीजणींनी चर्चमध्ये पाजलंय?"

आधी कुणी हात वर केला नाही. मग हन्नावाल्या काकूंनीच केला. मग जवळजवळ सगळ्यांनी. जुन्या इमारतीत, पंख्याखाली, साडीत. एकीने तर गायकांच्या रांगेत उभं राहून पाजल्याचं सांगितलं आणि सगळ्या हसल्या. मम्मी हसल्या नाहीत, पण हात त्यांचाही वर होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी चहाच्या कपाकडे.

त्यानंतर एक माझ्याच वयाची बेन बोलली. दोन मुलं आहेत तिला. प्रत्येक बाळंतपणानंतर वर्षभर ती चर्चला आलीच नाही. आजारी नव्हती, रागावलेली नव्हती. "खोलीत बसून भिंत बघायची तर घरी भिंती आहेतच," म्हणाली. तिचं न येणं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मंडळात यावर कुणी काही बोललं नाही, पण मला वाटतं, बाकीच्या सगळ्या वादापेक्षा काम याच वाक्याने केलं.

पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांचीही लेकरं लहान आहेत. मी आणि नवरा त्यांना भेटायला गेलो. "मला काहीच हरकत नाही," ते म्हणाले आणि मग जरा वेळ काही हरकती सांगितल्या. शेवटी म्हणाले, व्यासपीठावरून जाहीर करतो. मी हात जोडून म्हटलं, जाहीर करू नका. त्यांनी जाहीर केलं. "माता-भगिनींनी आपल्या बालकांना निःसंकोचपणे दूध पाजावं." अख्खी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. लेक तेव्हा गाढ झोपली होती.

कमिटीने एक पडदाही लावून दिला. डाव्या भिंतीला, मागच्या कोपऱ्यात, नाताळच्या नाटकातला निळा पडदा, चांदण्या चिकटवलेला. हेतू चांगला होता. पण मेमध्ये त्या कोपऱ्यात वारा शून्य, आणि पडद्याआड बसलेल्या बाईकडे सगळ्यांचं लक्ष जास्तच जातं, आत काय चाललंय ते आता सगळ्यांनाच ठाऊक. एकदा मी बसले, एकदा दुसरी कुणी. पावसाळ्यापर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या येऊन बसल्या.

कॅमेऱ्याचं मात्र पाच मिनिटांत झालं. कॅमेरा चालवणारा कॉलेजचा मुलगा आहे. त्याला विचारलं, कुठे बसलं की येत नाही? तो म्हणाला, डावीकडचा चौथा बाक, खांबाच्या आतल्या बाजूला, तिथे काहीच येत नाही, मीच वैतागलोय त्या खांबाला. तेव्हापासून तो बाक माझा. खांबाची एक बाजू आड, पंखा डोक्यावर, उपदेश स्पष्ट ऐकू येतो. चार महिन्यांची झाल्यावर लेकीला बघून लावावं लागत नव्हतं, दोन सेकंदांत काम. निम्म्या वेळा शेजारणीलाही कळायचं नाही. थैलीवाले काका अजून छताकडेच बघतात, पण काठी आता नीट धरतात.

सहा महिने पूर्ण झाल्यावर तिला पेज, वरणाचं पाणी सुरू केलं. दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजत राहावं असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण उपासनेत तिला आता दुधापेक्षा गीतपुस्तकाची पानं जास्त हवी असतात. ती फाडते, चघळते. त्याबद्दल मंडळीत पाजण्यापेक्षा जास्त बोलणी बसतात.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवीन बाळंतीण यायला लागली. मी उत्साहाने तिला खांबामागचा बाक दाखवला. ती म्हणाली, ताई, मला नाही आवडणार सगळ्यांत बसून, मी खोलीतच बरी. बरं. तिला जसं बरं वाटेल तसं. मग नवऱ्याने आणि त्या कॅमेऱ्याच्या मुलाने रविवारी उपासनेनंतर तासाभरात मागच्या खोलीत वायर ओढून एक स्पीकर बसवला. प्रभुभोजनाला आता वडील मंडळींपैकी कुणीतरी दार वाजवून खोलीतही भाकर आणि प्याला नेतात. खुर्च्यांची रास हलवून दुसऱ्या भिंतीला लावली, त्यामुळे पंख्याचं बटण हाताशी आलं. पंखा लावल्यावर मात्र इतका खडखडतो की स्पीकरचं काही ऐकू येत नाही. नव्या पंख्याचा अर्ज कमिटीकडे दिलाय.